गिरणीच्या भिंतीवरची रेघ

आमच्या गिरणीत पहिल्यांदा दळण घेऊन आलेला माणूस डबा खाली ठेवतो, भिंतीकडे बघतो आणि विचारतो, "रंग अर्धवट का सोडलाय?" अर्धवट काही नाही. चारही भिंती पांढऱ्या स्वच्छ आहेत. फक्त मोटारीमागच्या भिंतीवर, दारापासून कोपऱ्यापर्यंत, हातभर रुंदीचा एक पट्टा तसाच ठेवलेला आहे. खालचा भाग मातकट, वरचा जुना निळा, आणि दोन्हींच्या मध्ये सरळ रेघ. दिवाळीत रंगारी त्यावरून ब्रश फिरवायला जातो आणि मी तिथूनच ओरडते. गिरणीच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे माझा साधा आवाजही लोकांना भांडण वाटतो, त्यामुळे रंगारी ब्रश मागे घेतो.

आमचं गाव निफाड तालुक्यात, गोदावरीच्या अगदी काठावर. पण गोदावरी हे नाव शाळेच्या पुस्तकातलं. गावात ती गंगा. आणि आमचा पूर आमच्या पावसाने येत नाही. पाऊस वर त्र्यंबक-इगतपुरीला कोसळतो, धरणं भरतात, दरवाजे उघडतात, आणि आमच्याकडे चांगलं ऊन पडलेलं असताना पाणी घाटाच्या पायऱ्या चढायला लागतं. मोबाईलवर मेसेज येतो, इतक्या क्युसेकने विसर्ग सोडला. क्युसेक म्हणजे काय हे गावात दोन-तीन मास्तर सोडले तर कोणालाच सांगता येणार नाही. पण आकडा ऐकला की पारावरची माणसं लगेच सांगतात: हे पाणी मारुतीपर्यंत, हे बाजारओट्यापर्यंत, हे गिरणीपर्यंत. गिरणीला पाणी लागलं म्हणजे मोठा पूर, एवढं सरळ माप आहे.

ती गिरणी म्हणजे आमचीच. रस्त्याच्या बाजूला पुढची खोली गिरणीची, मागे आमचं राहतं घर. सासऱ्यांनी ती सुरू केली, तेव्हा नदीकाठच्या निळ्या आणि लाल पूररेषा कोणी नकाशावर काढल्या नव्हत्या. आता आम्ही निळ्या रेषेच्या आत, म्हणजे बांधायला बंदी असलेल्या पट्ट्यात राहतो असं म्हणतात. म्हणू देत. दळण टाकायला बाया येतात त्या बाजारातून, आणि बाजार नदीकाठी भरतो. मग गिरणी काय टेकडीवर बांधायची?

सासऱ्यांच्या मागे दीर नोकरीला नाशिकला गेले, माझ्या नवऱ्याचा जीव शेतात, म्हणून गिरणी माझ्याकडे आली. झिजलेल्या दगडाला टाकी मारून खाचा कशा पाडायच्या, पट्टा किती ताणायचा, गहू कधी गरम व्हायला लागतो, हे सगळं मी हात भाजून घेऊन शिकले. मला ती गिरणी आवडते. पिठाचा तो उबदार वास सकाळी नाकात गेला नाही तर मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

एका पुरात मोटार जळाली. दुरुस्त होऊन येईपर्यंत अर्धी गिऱ्हाइकं शेजारच्या गावी दळायला जायला लागली, आणि काहींनी घरघंट्या घेतल्या. गेलेली गिऱ्हाइकं परत यायला पुढची दिवाळी उजाडली. तेव्हा नवऱ्याने भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं, "आता आजून एकदा बुडली तं परत उभी नाय करायची. खोली खताच्या दुकानाला देऊन टाकू." माणूस वाईट नाही. रागावून बोलला असता तर मी भांडले असते. तो शांतपणे बोलला आणि त्यालाच मी घाबरले.

म्हणून मी विमा काढायला गेले. तालुक्याच्या गावी एका कचेरीत तरुण साहेब बसला होता. त्याने माझ्यापुढे कागद सरकवला आणि आग, चोरी, वीज पडणे, दंगल असं वाचून दाखवलं. मी विचारलं, यात पूर कुठं आहे? तो म्हणाला, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि नदीकाठ असल्यामुळे हप्ता वाढेल. मी म्हटलं, "आमच्या गावात दंगल होत नाही. पूर येतो. दंगल काढा आणि पूर घाला." तो हसायला लागला. दंगल काही त्याला काढता आली नाही, पण पूर मी त्याच्यापुढे बसून घालून घेतला आणि तो शब्द कागदावर बोट ठेवून दोनदा वाचला.

घरी आल्यावर खरी दंगल झाली. माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्याकडे बऱ्याच घरांत सुना सासूला आत्याच म्हणतात. आत्यांचं माहेरही गंगेकाठचंच. त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

"माय घरी येती," त्या म्हणाल्या, "आन तू तिच्यावर पोलिसात तक्रार करून आली?"

"तक्रार नाय आत्या. नुकसान झालं तं भरपाई."

"माय येती तवा भरपाई मागत्यात का? वटी भरत्यात."

हे त्यांचं खरं होतं. पाणी चढायला लागलं की आमच्या गावातल्या सवाष्णी पाण्याच्या कडेला जाऊन गंगेची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. मग हात जोडून म्हणतात, आलीस, बघितलंस, आता माघारी जा. मीही भरते. माझ्या मते ओटी आणि विमा यांचं आपसात भांडण काहीच नाही. पण गावाला विषय मिळाला. दळणाच्या रांगेत बाया एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या, "हळू बोल, हिनं गंगेचा इमा काढलाय, उद्या आपला बी काढील." मी म्हणायचे, तुझ्या जिभेचा काढायला हवा, पण तेवढा हप्ता कोणाला परवडणार?

मग तो भाद्रपद आला. गणपती बसलेले, गौरी तोंडावर. सकाळी ऊन होतं. मेसेज आला आणि पारावरून निरोप आला: गिरणीपर्यंत. आम्ही जमतील तेवढी गव्हाची पोती माळ्यावर चढवली, गिऱ्हाइकांचे डबे वर नेले, गणपती शेजारच्या माडीवर हलवला. मोटार मात्र पायात बोल्ट मारून बसवलेली. त्यातला एक बोल्ट गंजून घट्ट झालेला, तो काही केल्या हलेना. नवरा पाना घेऊन गुडघाभर पाण्यात वाकला होता आणि पाणी त्याच्या कोपरापर्यंत चढत होतं. शेवटी मीच त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. आत्या गंगेला हात जोडून आल्या आणि दारातून आत बघत उभ्या राहिल्या. पाण्याने मोटार झाकली, मग स्टार्टरचा डबा झाकला, आणि तिथे थांबलं.

पाणी ओसरल्यावर उरतो गाळ. घोट्याच्या वर येणारा, काळा, कुजका वास मारणारा. गावात लाईट नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती. विमावाल्यांना कळवायचं तर जाऊनच सांगायला हवं होतं. नेहमीचा पूल पाण्याखाली, म्हणून लांबच्या रस्त्याने जीपमधून गेले. कचेरीत सांगितलं, अर्ज दिला. सर्व्हेअर उद्या येईल म्हणाले. दिवस त्यातच गेला. परत येताना माझ्या मनात एकच हिशेब चालू होता: येईल, बघेल, लिहून घेईल, मोटार मिळेल, आणि खताचं दुकान गेलं खड्ड्यात.

घरी पोचले आणि दारातच खिळले.

गिरणी लखलखत होती. जमीन धुतलेली, दगड घासलेले, पट्टा पुसून खुंटीला टांगलेला. मोटारीवर बादल्यांनी पाणी ओतून ती चकचकीत केलेली. भिजलेलं पीठ आणि गहू गंगेला सोडून दिलेला. आणि चारही भिंतींना ताजा चुना. आत्या पदर खोचून उंबऱ्यावर हळद लावत होत्या. चुन्याचे शिंतोडे त्यांच्या चष्म्यावरसुद्धा उडाले होते.

आमच्याकडे पूर गेला की गल्ली मिळून घरं साफ करते. आज एकीचं, उद्या दुसरीचं. आपलं घर आपण एकटीने धुवायचं नाही, गल्लीतल्या बाया सगळ्या येतात. त्या दिवशी आमच्यापासून सुरुवात झाली, कारण दुसऱ्या दिवशी गौरी येणार होत्या. गौरी आणल्या की त्यांना घरभर फिरवून दाखवतात, ही चूल, हे धान्य, हा गोठा. आमच्या घरात सगळ्यात आधी दाखवतात ती गिरणी, कारण घराची लक्ष्मी तीच. मग ती चिखलात कशी दाखवणार? मी दमून येईन, आल्यावर मला बरं वाटेल, म्हणून पाच-सहा बायांनी कंबर मोडेपर्यंत राबून माझा सगळा पुरावा धुऊन काढला होता.

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आत्या, आता त्यांना दाखवू काय?"

"कोणाला?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हेअर आला. नाशिकचा, पन्नाशीचा, सभ्य माणूस. त्याचे बूट चिखलाने भरले होते, कारण रस्ताभर गाळ होता. आमच्या घरात मात्र त्याने ते दारात काढून ठेवले, इतकं स्वच्छ होतं. आत्यांनी त्याला खुर्ची दिली, कपबशीत चहा दिला. तो चहा पीत पीत पांढऱ्या भिंती बघत राहिला.

"पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

मी भिंतीवर हात ठेवला. "इथपर्यंत."

"मला तसं दिसत नाही, ताई."

मी शेजारणीच्या मोबाईलमधले फोटो दाखवले. पूल, पाण्यात बुडालेला पार, घाटावरची दीपमाळ. तो म्हणाला, "हा पूल आहे. गिरणीचा फोटो?" गिरणीचा फोटो नव्हता. सगळं गाव पूल बघायला धावलं होतं. मग त्याने मोटारीचं झाकण उघडायला लावलं. आतून पाणी गळालं. माझ्या जिवात जरा जीव आला, तोवर तो म्हणाला, "धुतलीय ना ही? धुताना पण पाणी जातं. पाणी जमिनीला लागून परत गेलं असेल तर मोटारीचा प्रश्न येत नाही. उंची सिद्ध झाली पाहिजे. मला जे दिसतं तेच लिहावं लागतं."

तो मुद्दाम अडवत नव्हता, त्याच्या जागी मी असते तरी तेच म्हटलं असतं. म्हणून तर डोक्यात जास्त तिडीक गेली. ओरडायला समोर चुकीचा माणूसच नव्हता. नवरा दाराशी उभा होता, त्याने गिरणीकडे ज्या नजरेने बघितलं ते मला कळलं. मी म्हणाले, "साहेब, मी गल्लीतले सगळे लोक साक्षीला उभे करते."

"माणसं उभी करून उपयोग नाही, ताई," तो म्हणाला आणि कप खाली ठेवून उठला.

आत्या इतका वेळ चुलीजवळच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी मला एकदा विचारलं, "म्हंजी भिताडावर दिसलं तं गिरणी चालू व्हईल?"

"हो."

"आन नाय दिसलं तं?"

मी नवऱ्याकडे बघितलं. त्या मागच्या पडवीत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. त्या आल्या ते कांदे निंदायचं खुरपं घेऊन. सरळ मोटारीमागच्या भिंतीशी गेल्या आणि काल स्वतःच्या हाताने लावलेल्या चुन्यावर त्यांनी खुरपं चालवलं.

ओल्या भिंतीवर चुना धरत नाही. पापुद्रे सुटून खाली पडायला लागले. खालून निघाला गाळाचा मातकट थर. आत्या वर वर खरवडत गेल्या, आणि एका जागी मातकट संपून आमच्या जुन्या रंगाचा स्वच्छ निळा निघाला. मध्ये रेघ होती. त्यांनी खुरपं बाजूला सरकवलं आणि तशाच आडव्या खरवडत निघाल्या. रेघ पुढे पुढे निघत गेली, जराही वरखाली न होता. स्टार्टरच्या डब्याच्या वर दोन बोटं. बाई सत्तरीच्या पुढची, धाप लागलेली, अंगभर चुना, आणि पायाशी लख्ख पुसलेल्या जमिनीवर नुसता कचरा. मी खुरपं घ्यायला गेले तर हात झटकला.

"पांढरं म्यां केलंय," त्या म्हणाल्या, "काढीन बी मीच."

सर्व्हेअर परत खाली बसला. त्याने बॅगेतून टेप काढली, एक टोक जमिनीला लावलं, दुसरं रेघेला. मग मोटारीची उंची मोजली, मग स्टार्टरची. कोपऱ्यात, दाराच्या मागे, जिथे चुना नीट पोचला नव्हता, तिथेही त्याला तीच रेघ सापडली. त्याने सगळीकडचे फोटो काढले. जाताना त्याने आत्यांना वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाला, "पुढच्या वेळी आधी फोटो काढा, मग झाडू घ्या."

मागितलं तेवढं सगळं मिळालं नाही. गंगेला सोडलेलं पीठ आणि गहू त्यांनी धरलाच नाही, कारण तो दाखवता आला नाही. पण मोटार मिळाली. या वेळी मी ती छातीएवढ्या सिमेंटच्या ओट्यावर बसवली, रेघेच्या वर. गवंडी म्हणाला, एवढी उंच मोटार मी कुठं पाहिली नाही. मी म्हटलं, आता पाहा. नवऱ्याने स्वतः सिमेंट कालवलं, आणि खताच्या दुकानाचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही. गौरी त्या वर्षी खरवडलेल्या भिंतीसमोरूनच फिरवल्या. पुढे दिवाळीत चुना देताना मी तो पट्टा सोडायला लावला आणि तेव्हापासून तो तसाच आहे. हळूहळू गल्लीतल्या इतर घरांनीही दाराआड, जिन्याखाली, कुठे ना कुठे आपली रेघ राखली. तिघी-चौघींनी विमाही काढला. त्या आधी माझ्याकडे येऊन विचारतात, पूर कुठं लिहिलाय ते दाखव.

आत्या विम्याबद्दल पुन्हा चांगलं-वाईट काही बोलल्या नाहीत. फक्त मृग लागायच्या आधी, लोणच्याच्या कैऱ्या फोडताना, खाली मान घालून विचारतात, "गंगेचा भरला का गं?"

यंदा पाणी पुन्हा आलं. गिरणीत शिरलं, पण रेघेच्या पुष्कळ खाली राहिलं. मोटार कोरडी. मिरची कांडपाचं यंत्र मात्र खाली होतं, ते बुडालं, आणि दळणाला आलेला माल भिजला. पाणी उतरलं तो दिवस नेमका गौरी आणायचा. लाईट होती, मोबाईल चालू होता. मी कळवलं. सर्व्हेअर उद्या येतो म्हणाले.

दुपारी गल्लीतल्या बाया झाडू, बादल्या आणि चुन्याचा डबा घेऊन आल्या. आत्यांना आता नीट दिसत नाही, काठीशिवाय चालता येत नाही. त्यांनी खुर्ची गाळात रोवून गिरणीच्या दारात मांडली, तिच्यावर बसल्या आणि काठी आडवी धरली.

"हात लावायचा नाय," त्या म्हणाल्या. "उद्या साह्यब येऊन जाऊ द्या."

"आवो आत्या, पण गौरी आज येत्यात," एक म्हणाली. "आशा घाणीत आणायच्या?"

"गौरी काय पाव्हण्या हायेत का? लेकी हायेत घरच्या. घरात काय झालं ते त्यांनी बी बघावं."

कोणी पुढे सरकलं नाही. मी आतमध्ये कोपरा न् कोपरा फिरून फोटो काढत होते. बाहेर बाया कुजबुजत होत्या, पण बादल्या खाली ठेवल्या गेल्या होत्या.

संध्याकाळी गौरी आणल्या. एरवी आम्ही उंबऱ्यापासून आतपर्यंत पिठाने पावलं काढतो. या वेळी पीठही भिजलेलं आणि जमीनही. मधल्या वर्षांत घरात आलेली माझी सून खाली बसली, मूठ वळली आणि मुठीची कड गाळात दाबली. अंगठ्याने वर बोटं काढली. एकेक पाऊल नीट उठत गेलं, उंबऱ्यापासून मोटारीच्या ओट्यापर्यंत. आमच्याकडे गौर दारात आली की विचारतात, कोणत्या पावलांनी आलीस? उत्तर ठरलेलं असतं, सोन्याच्या, रुप्याच्या, धान्याच्या. शेजारणीने सवयीने विचारलं आणि मग खाली गाळातल्या पावलांकडे बघितलं. सगळ्या आत्यांकडे बघायला लागल्या.

"गाळाच्या," आत्या म्हणाल्या. "ये माय, आत ये. गिरणी चालू हाय."

दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर आला. या वेळी दुसराच होता, तरुण. तो दारात थांबला, खाली बघितलं, आणि पावलं चुकवत, भिंतीच्या कडेकडेने आत गेला.